घरचे फोटो-व्हिडिओ कायमचे कसे जपायचे? फोन, गूगल, हार्ड डिस्क आणि आजीच्या कपाटातली कॅसेट

फोन हरवला तर काय काय जाईल, असं मित्राला विचारून बघा. तो आधी यूपीआय म्हणेल, मग व्हॉट्सॲप. आणि फोटो? त्यावर आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ठरलेलं उत्तर मिळतं, ‘फोटो त गूगलवर हायेत न!’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं कुठे चुकतं आणि घरचे फोटो-व्हिडिओ वीस-तीस वर्षं टिकवायचे तर नेमकं काय करायचं, ते या लेखात बघूया. लेख मोठा झालाय, कारण फोन, क्लाऊड, हार्ड डिस्क, लग्नाचा पेनड्राइव्ह आणि जुनी कॅसेट हे सगळं एकाच ठिकाणी घेतलंय. एका दमात वाचायची गरज नाही, बुकमार्क करून ठेवा.

आधी आमच्या घरचा किस्सा. आत्याचं लग्न १९९७ सालचं, शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर. २००९ मध्ये आम्ही त्या कॅसेटची डीव्हीडी करून घेतली आणि आता डीव्हीडी आहे म्हणून कॅसेट भंगारात दिली. हा निर्णय माझा. मी तेव्हा दहावीत होतो आणि घरातला ‘कॉम्प्युटरवाला’ समजला जायचो. पुढे २०१८ मध्ये आजोबा गेले. वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा आत्या म्हणाली, माझ्या लग्नाची सीडी लाव, बाबा पंगतीत वाढताना दिसतात त्यात. आजोबांचं चालतं-बोलतं शूटिंग घरात तेवढंच होतं. डीव्हीडी लावली आणि ती चौथ्या मिनिटाला अडकली. पुसली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावली, तिसऱ्यात लावली. नाहीच.

दोन महिन्यांनी मलकापूरच्या आतेभावाकडे तीच डीव्हीडी सापडली, म्हणजे तिच्या फाइल्स. त्याने कधीतरी त्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये टाकल्या होत्या आणि साफ विसरून गेला होता. आजोबा परत मिळाले ते निव्वळ नशिबाने. पण नीट बघितलं तर वाचवलं कशाने? दुसऱ्या प्रतीने, जी वेगळ्या वस्तूवर होती आणि वेगळ्या गावात होती. हीच गोष्ट नशिबावर न सोडता ठरवून करणं म्हणजे बॅकअप.

बॅकअप कशाला म्हणायचं आणि कशाला नाही

एकच फाइल दोन ठिकाणी असणं आणि त्यातली एक गेली तरी दुसरीला काही न होणं, याला बॅकअप म्हणतात. फोनमधले फोटो हार्ड डिस्कवर टाकले आणि जागा हवी म्हणून फोनमधून उडवले, तर तो बॅकअप झाला नाही. ते नुसतं सामान हलवणं झालं. प्रत अजूनही एकच आहे.

यासाठी जगभर एक साधा नियम वापरतात, ३-२-१. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकप्रिय केला. एकूण ३ प्रती, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली १ घराबाहेर. उदाहरणार्थ, एक प्रत फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये, दुसरी हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाऊडवर किंवा नातेवाइकाच्या घरी.

घराबाहेरची प्रत लोकांना जास्तीची वाटते. आमच्या जिल्ह्यातल्या लोकांना तरी ती वाटू नये. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एका दिवसाच्या पावसाने पूर आला आणि गावागावांत घरात पाणी शिरलं. अशा वेळी फोन, लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एकाच खोलीत असतील तर तीन प्रती असूनही एकच असल्यासारखं आहे. बुलढाण्यात यावर उपायही आयता आहे. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला. चिखली, मेहकर, लोणार वर. खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा खाली. बहुतेकांची सोयरीक दोन्हीकडे असते. एक डिस्क घाटावर, एक घाटाखाली. इंटरनेट नको, महिन्याचे पैसे नकोत. जाणं-येणं तर असतंच.

दुसऱ्या प्रतीचं महत्त्व मोठ्या संस्थांनाही आगीतूनच कळलेलं आहे. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. जुने चित्रपट ज्या नायट्रेट फिल्मवर असत ती भयंकर ज्वलनशील. जानेवारी २००३ मध्ये त्यांच्या नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती जळाल्या. त्यातल्या ज्या चित्रपटांची आधीच साध्या, न पेटणाऱ्या फिल्मवर दुसरी प्रत काढलेली होती, ते आजही बघता येतात. आपल्या घरच्या शूटिंगला हाच हिशोब लागू आहे.

गूगल फोटोज: काय होतं, काय होत नाही

पहिला गैरसमज जागेचा. १ जून २०२१ च्या आधी ‘हाय क्वालिटी’ फोटो कितीही टाकले तरी फुकट असायचे. त्यानंतरचे सगळे फोटो १५ जीबीत मोजले जातात आणि हे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत. ॲन्ड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा आता त्यातच धरला जातो. फोनवरचा एक फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी घेतो, फोर-के त्याच्या अडीच-तीन पट. म्हणजे फुल एचडीचं दोन-चार तासांचं शूटिंग झालं की पंधराच्या पंधरा जीबी संपले. फोर-केमध्ये तर तासाभराच्या हळदीलाच.

आता गंमत अशी की जागा संपली की बॅकअप गुपचूप थांबतो. वर एक छोटी सूचना येते, आपण ती डाव्या बोटाने सरकवतो. सहा महिन्यांनी फोन विहिरीत पडला की कळतं, शेवटचा बॅकअप गेल्या पोळ्याचा आहे. म्हणून आत्ताच फोटोज ॲप उघडा, उजवीकडे वर आपल्या गोल फोटोवर टॅप करा. तिथे ‘बॅकअप कम्प्लीट’ लिहिलंय की काही शिल्लक आहे ते दिसेल. तिथूनच कोणत्या फोल्डरचा बॅकअप होतो तेही बघा. बऱ्याच फोनवर फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर चालू असतं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, दुसऱ्या कॅमेरा ॲपचे फोटो हे आपण होऊन चालू करावे लागतात. लॉक्ड फोल्डरचंही तसंच, त्याचा बॅकअप वेगळा चालू केला नसेल तर ते फोटो फक्त फोनमध्येच असतात.

दुसरा गैरसमज डिलीटचा, आणि यात सगळ्यात जास्त लोक फसतात. गूगल फोटोज हे मुळात सिंक आहे. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवणं. फोनवर जागा करायची म्हणून फोटोज ॲपमधून फोटो डिलीट केला तर तो क्लाऊडवरूनही जातो. बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, मग कायमचा संपतो. फक्त फोनमधून काढायचा असेल तर ‘फ्री अप स्पेस’ किंवा ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ हा पर्याय वापरायचा. पण तो वापरल्यावर काय उरलं? गूगलवरची एकच प्रत. अकाउंट हॅक झालं, पासवर्ड विसरला आणि जुना मोबाइल नंबर बंद पडलेला असला, की ती एकही हातात नाही.

तिसरी गोष्ट दर्जाची. सेटिंगमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ असेल तर फोटो दाबून लहान केला जातो आणि फोर-के व्हिडिओ फुल एचडीवर आणला जातो. रोजच्या फोटोंना चालतं. लग्न, बारसं, आजीची मुलाखत अशांना ‘ओरिजिनल क्वालिटी’च ठेवा, नाहीतर मूळ फाइल आधी हार्ड डिस्कवर घ्या.

आणि चौथी, वापराची. गूगलचं वैयक्तिक अकाउंट सलग दोन वर्षं वापरलंच नाही तर ते डेटासकट काढून टाकलं जाऊ शकतं. हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. बाबांच्या जुन्या फोनमध्ये कुणीतरी बनवून दिलेलं जीमेल असतं, त्यात २०१६ चे शेताचे, बैलांचे फोटो असतात. त्या अकाउंटला वर्षातून दोनदा लॉगिन करा. कंपनी मोठी म्हणून सेवा कायमची असं काही नसतं. मोठ्या भावाला किंवा बहिणीला ऑर्कुटबद्दल विचारा. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. ज्यांनी फोटो उतरवून घेतले त्यांचे राहिले.

मग गूगल वापरू नका असं म्हणायचंय का? अजिबात नाही. फोन चोरीला गेला तर सगळ्यात आधी तेच कामाला येतं. १०० जीबीचा प्लॅन बराच काळ महिना १३० रुपयांना मिळत आलाय आणि फॅमिली ग्रुप करून तो घरात वाटूनही घेता येतो. फक्त त्याला तीनपैकी एक प्रत समजा.

वर्षातून एकदा गूगलवरचे फोटो खाली उतरवायचे असतील तर ‘गूगल टेकआउट’ आहे. झिप फाइल्सचे तुकडे मिळतात. त्यात फोटोच्या शेजारी जेसन नावाच्या छोट्या फाइल्स दिसतील. कचरा समजून उडवू नका, कारण फोटोची तारीख, ठिकाण आणि तुम्ही लिहिलेली ओळ त्यात असते. आयफोनवाल्यांसाठी आयक्लाऊडचं गणित सारखंच, फक्त फुकटची जागा ५ जीबी.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आणि गुलाबी लोणार

जून २०२०. लॉकडाउन चालू होतं आणि लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रुपवर तेच फोटो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं. खारटपणा वाढल्यावर वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आणि त्यांचं गुलाबी रंगद्रव्य, हे कारण निघालं. आता विचार करा, तुमच्या फोनमध्ये तेव्हाचा गुलाबी लोणारचा फोटो असेल तर तो कुणी काढलेला? कोणत्या दिवशी? रंग खरा की फिल्टर लावलेला? फॉरवर्ड आलेला असेल तर यातलं काहीच सांगता येणार नाही.

कारण कॅमेऱ्याने काढलेल्या मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर ठिकाणही लिहिलेलं असतं. याला एक्झिफ माहिती म्हणतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती गळते. शिवाय १२ मेगापिक्सेलचा म्हणजे ४००० बाय ३००० चा फोटो साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली येतो. मोबाइलवर फरक जाणवत नाही. भिंतीवर लावायला मोठी प्रिंट काढली की आजीचा चेहरा मेणाचा दिसतो. ऑगस्ट २०२३ पासून एचडीचा पर्याय आला, तो बराच बरा आहे, पण तीही मूळ फाइल नव्हे.

मूळ फोटो हवा असेल तर ज्याने काढला त्याच्याकडून असा घ्या: तो शेजारी असेल तर ‘क्विक शेअर’ने, नेट लागत नाही. लांब असेल तर व्हॉट्सॲपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. कार्यक्रम झाल्याच्या आठवड्यातच मागा. सहा महिन्यांनी समोरचा फोन बदललेला असतो.

व्हॉट्सॲपवरचे फोटो ‘नंतर डाउनलोड करू’ म्हणून ठेवू नका. फार दिवस गेले की ते सर्व्हरवरून निघून जातात आणि मग पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा असा संदेश येतो. चॅट डिलीट करताना ‘मीडिया पण डिलीट करा’वर खूण आहे का, तेही बघत जा.

हार्ड डिस्क: कोणती, कशी, कुठे

जास्त डेटासाठी हार्ड डिस्कला पर्याय नाही, याचं कारण आपलं नेट. समजा घरात २०० जीबी फोटो-व्हिडिओ आहेत आणि रोज दीड जीबीचा रिचार्ज आहे. सगळा डेटा फक्त अपलोडला वापरला, एक रील पाहिली नाही, तरी १३३ दिवस लागतील. ब्रॉडबँडवर अपलोडचा वेग २ एमबीपीएस मिळाला तर रात्रंदिवस नऊ दिवसांच्या वर. तेच काम हार्ड डिस्कवर एका दुपारी होतं.

१ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क बहुतेक घरांना पुरते. एसएसडी महाग पण पडली तरी सहसा वाचते, आणि फोनला थेट लावायला सोपी. साधी हार्ड डिस्क आत फिरते, तिला जास्त वीज लागते, त्यामुळे काही फोनवर ती ओटीजीने चालूच होत नाही. ओप्पो, विवो, रिअलमीच्या बऱ्याच फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं काही केलं नाही तर आपोआप बंद होतं. डिस्क खराब आहे असं समजून परत करायला धावू नका.

फॉरमॅटचाही एक घोळ आहे. पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसत नाही, जागा ५० जीबी शिल्लक असली तरी. लग्नाची फिल्म कॉपी होत नाही ती यामुळे. एनटीएफएस असेल तर विंडोजवर चालते पण बहुतेक ॲन्ड्रॉइड फोन वाचत नाहीत. म्हणून रिकामी असतानाच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. फॉरमॅटने आतलं सगळं जातं, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगतो.

‘२ टीबी पेनड्राइव्ह ३९९ रुपये’ अशा जाहिराती दिसतात. हे खोटे असतात. आत १६ किंवा ३२ जीबीची चिप असते आणि ती कॉम्प्युटरला २ टीबी असल्याचं सांगते. कॉपी होताना एररही येत नाही, नंतर उघडायला गेलात की फाइल्स कोऱ्या. नवं कार्ड किंवा पेनड्राइव्ह घेतलं की विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम चालवा. तो पूर्ण जागा भरून परत वाचून बघतो. आणि अस्सल असला तरी पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड हे नेण्या-आणण्यासाठी. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला नाही, कारण त्यातला डेटा विजेच्या भारावर टिकतो आणि तो भार हळूहळू उतरतो. एसएसडीही याच जातीची, तिला मधून मधून वीज द्यावी लागते.

कॉपी करताना एकच पथ्य: कट-पेस्ट कधीही नाही. केबल हलली, लाइट गेली, की फाइल ना इकडची ना तिकडची. आधी कॉपी करा. मग दोन्हीकडे फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या आणि एकूण साइज जुळवा. मधूनच पाच-सहा फाइल्स उघडून बघा, व्हिडिओ शेवटापर्यंत ओढून बघा. मगच फोनमधून काढा. जास्त डेटा असेल तर ‘टेराकॉपी’ हे काम ‘व्हेरिफाय’ने स्वतः करतं.

कुठे ठेवायची? घाटाखाली मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. लोखंडी कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा पुरासाठी वाईट, टीव्हीवरचा माळा उन्हासाठी वाईट. मधला कप्पा, झिपच्या प्लास्टिक पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी. डिस्कवर मार्करने ‘घरचे फोटो, प्रत २’ असं लिहा, नाहीतर धाकटा भाऊ तीवर पिक्चर भरेल.

लग्नाचा डेटा

फोटोग्राफर ठरवताना आपण करिझ्मा अल्बमची पानं, ड्रोन, प्री-वेडिंग यावर तासभर बोलतो आणि डेटाबद्दल अक्षरही काढत नाही. तेव्हाच दोन प्रश्न विचारा. सगळे मूळ फोटो आणि कच्चं शूटिंग मिळेल का? आणि तुमच्याकडे ते किती दिवस राहील? फोटोग्राफरकडे सीझनला शेकडो जीबी रोज येतात, तो ते कायम ठेवू शकत नाही. बरेच जण अल्बम दिला की काही महिन्यांत डिस्क मोकळी करतात आणि यात त्यांची चूक नाही. स्वतःची ५०० जीबीची डिस्क नेऊन द्या आणि अल्बम घ्यायला जाल त्याच दिवशी भरून आणा. एडिट केलेल्या फिल्ममध्ये गाणी असतात, माणसांचे आवाज नसतात. मामाने मंगलाष्टकं म्हटलेली कच्च्या शूटिंगमध्येच सापडतात.

कॅसेट, सीडी आणि चिकट पानांचे अल्बम

हे काम सगळ्यात घाईचं आहे. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आता चालू स्थितीतले व्हीसीआर दरवर्षी कमीच होणार आहेत. कॅसेट टिकली तरी ती वाजवायला यंत्र नसेल.

कॅसेट सापडली की लगेच लावून बघायचा मोह होतो. थांबा. झाकण उचलून टेपच्या कडेला पांढरी भुकटी किंवा जाळं दिसतंय का बघा. ती बुरशी. तशी टेप लावली तर व्हीसीआरचं हेड खराब होतं आणि त्याच व्हीसीआरमध्ये पुढे लावलेल्या कॅसेटलाही बुरशी लागते. ती साफ करणाऱ्याकडेच द्यायची. टेप चांगली दिसत असेल तर कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची खुंटी तोडा, म्हणजे चुकूनही तीवर नवीन रेकॉर्ड होणार नाही.

स्टुडिओत देताना नुसतं ‘डीव्हीडी करून द्या’ म्हणू नका. असं सांगा: फाइल पाहिजे, पेनड्राइव्हवर. साइज ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, आपली पाल सिस्टिम तीच. चित्र ताणून रुंद करू नका, नाहीतर सगळी वऱ्हाडी मंडळी जाडजूड दिसतात. वरून गाणी टाकू नका. आणि कॅसेट परत द्या. तीन तासांची टेप उतरवायला तीनच तास लागतात, फास्ट करता येत नाही, त्यामुळे तो पैसे मागतो ते वाजवी आहे. कॅसेट फेकायची नाही. माझ्यासारखं करू नका.

डीव्हीडी असेल तर आजच कॉम्प्युटरवर घ्या. आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं फोल्डर असतं, ते आख्खं कॉपी करा. फोनवर बघायला ‘हँडब्रेक’ने एमपीफोर बनवा, पण मूळ फोल्डरही ठेवा. अडकत असेल तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये प्रयत्न करा, कधी कधी एक वाचतो आणि एक नाही.

कागदी फोटोंसाठी स्कॅनर मिळाला तर उत्तम. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की साडेआठ मेगापिक्सेलची फाइल होते, पुरेशी. स्कॅनर नसेल तर गूगलचं ‘फोटोस्कॅन’ ॲप चार कोनांतून फोटो घेऊन चकाकी घालवतं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, पानासकटच स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही काचेवरूनच. निगेटिव्ह सापडल्या तर त्या सोन्यासारख्या जपा, फोटोपेक्षा जास्त तपशील त्यांच्यात असतो.

फोटो पुराच्या किंवा गळतीच्या पाण्यात भिजले तर ते एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. चिखल असेल तर स्वच्छ थंड पाण्यात हलकेच बुडवून धुवा, बोट घासू नका. मग सावलीत एकेक फोटो तोंड वर करून सुटा वाळवा. लगेच जमणार नसेल तर ओलेच प्लास्टिक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, सवडीने सोडवता येतात. भिजलेला फोन किंवा हार्ड डिस्क मात्र ‘चालू होते का बघू’ म्हणून चालू करू नका. तांदळात ठेवून काही होत नाही.

नावं लिहून ठेवा

फाइल टिकली आणि त्यात कोण आहे ते कळलं नाही, तर उपयोग काय? फोल्डरचं नाव वर्षापासून सुरू करा: २०२३-०५-१४ दादाचं लग्न मेहकर. म्हणजे सगळे आपोआप तारखेप्रमाणे लागतात. नाव मराठीत चालतं, आकडे मात्र सगळीकडे एकाच लिपीत ठेवा, नाहीतर क्रम बिघडतो. जुन्या फोटोंसाठी आजीला घेऊन बसा. फोटो लॅपटॉपवर एकेक दाखवा आणि शेजारी फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा. ‘हा कोण’ विचारलं की ती नाव सांगते, मग त्याचं शेत कुठे होतं ते सांगते, मग त्याने बैल कुणाला विकला ते. ती ऑडिओ फाइल त्याच फोल्डरमध्ये टाका.

गेलेल्या माणसाचा फोन

हा विषय कुणी काढत नाही, पण वेळ आली की सगळे विचारतात. आजकालच्या फोनमधला डेटा लॉकशी बांधून एन्क्रिप्ट केलेला असतो. पिन माहीत नसेल तर दुकानदार फोन रीसेट करून ‘उघडून’ देईल, फोटो मात्र जातील. म्हणून कुणालाही रीसेट करू देऊ नका. फोन चार्ज करून ठेवा, पिन आठवतो का ते घरात शांतपणे विचारा, तो माणूस जीमेल दुसऱ्या कुठे लॉगिन करायचा का ते बघा. नुसता डिस्प्ले फुटला असेल आणि पिन माहीत असेल, तर बऱ्याचदा ओटीजीला माउस लावून किंवा डिस्प्ले बदलून सगळं निघतं.

आई-बाबांच्या गूगल अकाउंटमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सेटिंग आहे. अकाउंट ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर आपण निवडलेल्या माणसांना, जास्तीत जास्त दहा, फोटो उतरवून घेण्याची लिंक जाते. कमीत कमी मुदत ३ महिने, जास्तीत जास्त १८. त्यांच्याशी बोलून, त्यांच्यासमोरच भरा.

डिस्क तपासायचा दिवस

कपाटात ठेवलेली डिस्क सहा महिन्यांतून एकदा लावून बघायची. तारीख लक्षात राहत नाही, म्हणून आम्ही सण पकडलेत. दिवाळीला घाटावरची डिस्क. आणि अक्षय तृतीयेला भेंडवळला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पीकपाण्याच्या भाकिताच्या बातम्या येतात, त्या दिसल्या की घाटाखालची. दहा-पंधरा फाइल्स उघडून बघतो, नवीन फोटो भरतो, डिस्क कधी घेतली ते पाहतो. पाच वर्षं झाली की नवीन घेऊन सगळं तिच्यावर उतरवतो, जुनी जास्तीची प्रत म्हणून ठेवतो. लावल्यावर टक-टक आवाज येत असेल तर लगेच काढायची, पुन्हा पुन्हा लावून बघायचं नाही. दर वेळी लावल्याने नुकसान वाढतं आणि रिकव्हरीवाल्याच्या हातात कमी उरतं. तिची दुसरी प्रत कुठे आहे ते आधी शोधायचं आणि त्याच दिवशी तिची अजून एक कॉपी काढायची.